घरात आधी कुणाला होतं का?

मला मानसिक आजार आहे. डॉक्टर त्याला द्विध्रुवी विकार म्हणतात, आमच्या घरात त्याला 'चढ-उतार' म्हणतात. कधी मन इतकं वर जातं की झोप, भूक, भान काहीच राहत नाही, आणि कधी इतकं खाली की उठून दात घासणंही जमत नाही. गेली कित्येक वर्षं मी गोळी घेते, शिकवते, स्वयंपाक करते, मुलीवर ओरडते. बरी आहे.

हे लिहायला बसले त्याला कारण गेल्या हिवाळ्यात मानसिक आजारांच्या ओपीडीत बाकावर भेटलेली एक मुलगी. मी रक्त तपासायला गेले होते. ती अंबाल्याकडची, भावाबरोबर पहिल्यांदाच आलेली. भाऊ पाणी आणायला गेला तसं तिने मला विचारलं, "दीदी, आपके घर में और किसी को था?"

"हो, माझ्या आत्याला," मी हिंदीत सांगितलं.

तिने भाऊ गेला त्या दिशेला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मेरी नानी को था. घरवालों ने कहा है, डॉक्टर को मत बताना. शादी में दिक्कत आएगी."

मी काही बोलणार तोच तिचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली, माझाही नंबर लागला, आणि बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती. तिला जे सांगायचं राहिलं, ते इथे सांगते. त्यात माझ्यापेक्षा माझी आत्या जास्त आहे. तसंच असायला हवं.

सगळं सुंदर दिसायला लागलं ते दिवस

मी अकोल्याची. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले, लग्न झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चंडीगडला आले. श्रीकांत, माझा नवरा, केमिस्ट आहे. डेराबस्सीला तेव्हा औषधांचे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात त्याला नोकरी लागली. तो रोज सकाळी कंपनीच्या बसने डेराबस्सीला जायचा. राहायला मात्र त्याने चंडीगडच निवडलं, कारण इथे मला काम मिळण्यासारखं होतं. सेक्टर चौतीसमध्ये त्या काळात एकेका इमारतीवर कोचिंगच्या पाट्या चढायला लागल्या होत्या. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या अशाच एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायला लागले. हिंदी माझी अकोल्याची होती, पोरं हसायची, पण विषय त्यांना कळायचा.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मार्च महिना होता, परीक्षांचे दिवस. मी पहाटे उठून शिकवण्याची तयारी करायला लागले. मग त्याहून आधी उठायला लागले. मग झोपेची गरजच वाटेना. थकवा नव्हता. उलट इतकं हलकं, इतकं हुशार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रस्त्याकडेची फुलं मला ओळखतात असं वाटायचं. एका विषयातून दुसरा विषय आपोआप उघडायचा. मी शेजारणींना गाठून प्रकाशाचे नियम समजावून सांगायला लागले. सगळी पुस्तकं चुकीच्या क्रमाने लिहिलेली आहेत आणि ती मला नव्याने लिहायची आहेत, अशी माझी खात्री झाली.

श्रीकांतला आधी वाटलं, हिला काम आवडतंय. मग तो घाबरला. "वैशाली, आज सुट्टी घे," तो म्हणायचा. मी त्याच्यावर चिडायचे. माझ्या वेगाच्या तो आड येतोय असं वाटायचं.

एके दिवशी मी सकाळी भिंगांवरचा धडा सुरू केला आणि थांबलेच नाही. पुढच्या तासाची मुलं दाराबाहेर खोळंबली, जेवणाची वेळ झाली, तरी मी बोलत होते. भिंगावरून डोळ्यावर, डोळ्यावरून देवावर, देवावरून मुलांच्या रोल नंबरांवर. मुलांनी लिहिणं केव्हाच थांबवलं होतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडत होती. ती आनंदाने रडतेय असं मला वाटलं, हे मला अजून लख्ख आठवतं.

क्लासचे मालक निवृत्त फौजी होते. त्यांनी मुलांना घरी पाठवलं, श्रीकांतच्या कारखान्यात फोन केला आणि तो येईपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले. मी त्यांना काय काय सांगत होते कोण जाणे, ते मान डोलावत ऐकत होते, मधून चहा पुढे करत होते. श्रीकांत आला तेव्हा ते त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम बीमार हैं. इलाज कराइए. इनकी कुर्सी यहीं रहेगी." त्या वेळी ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. पुढे बिछान्यात पडल्या पडल्या मला ते पुन्हा पुन्हा आठवायचं.

निदान

शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात मानसिक आजारांचा वेगळा विभाग होता. तिथल्या डॉ. ग्रेवाल पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, करड्या स्वेटरातल्या बाई. त्यांनी आधी मला मनसोक्त बोलू दिलं. मग श्रीकांतला एकेक विचारलं. झोप कधीपासून नाही, याआधी असं कधी झालं होतं का, कधी फार उदास होती का. आणि शेवटी: "इनके परिवार में पहले किसी को ऐसी तकलीफ रही है?"

श्रीकांतला माहीत नव्हतं. तो इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथवर गेला आणि त्याने अकोल्याला माझ्या वडिलांना फोन लावला. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे विचारायचं तर त्यांनाच.

"नाही हो," वडील म्हणाले. "आमच्याकडे असलं काहीच नाही. कामाचा ताण झाला असेल. मी निघतोच."

श्रीकांतने डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि तो बरा ठेवता येतो हेही लगेच सांगितलं. श्रीकांत म्हणतो की त्याला पहिलं ऐकू आलं, दुसरं ऐकूच आलं नाही.

वॉर्ड

वॉर्डात रुग्णाजवळ घरचं कुणीतरी राहावं लागे, आणि बायकांच्या वॉर्डात बाईमाणूसच. चंडीगडमध्ये आमचं होतं कोण? श्रीकांतने बिचकत घरमालकिणीला सांगितलं. चड्ढा आंटी खाली राहायची. विधवा होती, मुलं कॅनडात. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं त्याने ठरवलं आणि सगळं सांगून टाकलं. ती घर रिकामं करा म्हणेल अशी त्याला भीती होती. आंटीने विणकामाची पिशवी उचलली आणि ती रिक्षात बसली.

ती माझ्या खाटेशी स्टुलावर बसून स्वेटर विणायची. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर सांगायची, "साडी कुड़ी ए. ठीक हो जाणा इसने." म्हणजे आमचीच मुलगी आहे, बरी होईल. मी तिला काहीबाही बोलले असेन. तिने ते मनावर घेतलं नाही आणि पुढेही कधी काढलं नाही.

वॉर्डचे दिवस एकसारखे. सकाळी चहा, मग आंघोळ, मग राउंड. केरळच्या सिस्टर गोळी दिल्यावर तोंड उघडून दाखवायला सांगायच्या, पण ते असं हसून सांगायच्या की अपमान वाटायचा नाही. दुपारी एका खोलीत कागदी फुलं, भरतकाम असं काही असायचं. तिथे मला कळलं की बँकेतली अधिकारी, शेतकऱ्याची सून, कॉलेजातली मुलगी, सगळ्या इथे आहेत आणि भरतकाम सगळ्यांचंच सारखं बिघडतं.

औषधांनी मी उतरले. पण उतरताना जमिनीवर थांबले नाही. आणखी खाली गेले. अंग लाकडासारखं, जीभ जड, हातात पेला धरला की पाणी सांडायचं. आपण वर्गात काय काय बोललो ते तुकड्यातुकड्याने आठवायला लागलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. श्रीकांत भेटीच्या वेळी यायचा, केस विंचरून द्यायचा. त्याला वेणी येत नव्हती, तो नुसताच विंचरत बसायचा. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाईटही वाटत नव्हतं. या आजारात सगळ्यात भीतीदायक काय, असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन. तो चढ नव्हे, हे काहीच न वाटणं.

वडील आले. खाटेशी उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. दिवसभर तिथेच बसायचे. डॉक्टरांनी औषध बदललं. फारसा उपयोग झाला नाही. त्यातच आंटीच्या गुडघ्यांना स्टुलावर बसणं झेपेना. मग वडिलांनी नाइलाजाने आत्याला फोन केला. एवढंच सांगितलं की वैशालीला बरं नाही, इस्पितळात सोबतीला बाईमाणूस पाहिजे.

आत्या

सुमनआत्या वडिलांची मोठी बहीण. अकोल्यात मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. लग्न झालेलं, पण दोन वर्षांतच माहेरी परत आलेली. का, ते आम्हा पोरांना कधी सांगितलं गेलं नाही. स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची. कुणाच्या लग्नातही रात्री जागायची नाही. घरातली माणसं तिला जरा विक्षिप्त समजायची. मला ती आवडायची, पण ओळखत मी तिला नव्हते.

ती एकटी आली. अकोल्याहून दिल्ली, दिल्लीहून चंडीगड. साठीच्या आतबाहेरची बाई, याआधी नागपूरच्या पुढे न गेलेली. आली ती थेट वॉर्डात. पिशवी खाटेखाली सरकवली आणि माझ्याजवळ बसली. कशी आहेस, काय झालं, असं काही तिने विचारलं नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "तुले रडूही येत नाही ना?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"आंग दगडाचं झाल्यासारखं वाटते. आणि लोकं म्हणते, जरा फिरून ये, बरं वाटीन."

मी तिच्याकडे वळले. हे तिला कुणी सांगितलं असेल, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी डॉ. ग्रेवालनी आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. वडील, श्रीकांत, आत्या आणि मी. औषध हवं तसं लागू पडत नाही, पुढे काय करायचं ते बोलायचं होतं. काही ठरवण्याआधी त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. वडिलांच्या बाजूला किंवा आईच्या बाजूला, कुणी खूप उदास, कुणी अति उत्साही, कुणी जीव दिलेला, कुणी घर सोडून गेलेला?

"नहीं जी," वडील म्हणाले. "ऐसा कोई नहीं."

"नाना," आत्या म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाना, पोरीकडे पाह्य." मग ती डॉक्टरांकडे वळली आणि विदर्भातल्या तिच्या हिंदीत, सावकाश, शाळेत मुलींना टाका समजावून सांगावा तसं बोलायला लागली. "डॉक्टरबाई, मेरे को है ये बीमारी. इसको जो हुआ, वो सब मेरे को हुआ. पहले ऊपर, फिर नीचे. लगन के बाद हुआ. ससुराल वालों ने बोला, भूत लगा है. बहुत जगह लेके गए. झाड़ा, बांधा. फिर मायके छोड़ गए."

श्रीकांतने माझा हात धरला होता.

"आणि आमची आजी," ती आता मराठीत बोलत होती, बोलताना वडिलांकडे पाहत होती, "विहिरीत पडली म्हणून सांगतात. पडली नव्हती ती." मग श्रीकांतला म्हणाली, "बाईंना सांगा बाबा हिंदीत. माझी हिंदी इथपर्यंत पुरत नाही."

श्रीकांतने सांगितलं. डॉ. ग्रेवालनी हातातलं पेन खाली ठेवलं. वडिलांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आत्याला विचारलं, "फिर आप ठीक कैसे हुईं?"

आत्याने पदराखालून बटवा काढला, त्यातून रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. शाळेतल्या एका बाईंनी तिला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी ही गोळी सुरू केली, तिला आता वीसेक वर्षं होत आली होती. घरात तिने ब्लडप्रेशरची म्हणून सांगितलं होतं. मधून मधून ती नागपूरला जायची, ते देवदर्शनाला नव्हे, रक्त तपासायला. ती गोळी लिथियमची होती; ती घेणाऱ्याला रक्तातलं तिचं प्रमाण तपासत राहावं लागतं.

डॉ. ग्रेवालनी पट्टी उलटसुलट पाहिली. "उसके बाद फिर कभी तकलीफ हुई?"

"थोडी. एक बार गोली बंद करी थी तब. फिर नहीं करी बंद."

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आयुष्यभर लक्षात ठेवलंय. हा आजार काही घराण्यांतून चालत येतो, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या घराण्यात एखादीला जे औषध चांगलं मानवलं असेल, ते तिच्या रक्ताच्या माणसालाही मानवण्याची शक्यता जास्त असते. नेहमीच तसं होतं असं नाही. "लेकिन अब मैं अँधेरे में नहीं चल रही," त्या म्हणाल्या. आणि खुर्चीवरून उठून त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. "आप इतनी दूर से दवा लेकर आई हैं."

रक्ताने मला आजार दिला हे त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं. त्याच रक्ताने औषधाची वाटही दाखवली, हेही तिथेच कळलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईने आणल्या होत्या, आणि त्यासाठी तिने आपलं सगळं आयुष्य परक्या माणसांसमोर टेबलावर ठेवलं होतं.

वडील

त्या दिवशी संध्याकाळी वडील माझ्याजवळ येऊन बसले. किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत होते. फोडीवरचा पांढरा धागा न धागा काढत होते.

"तुझं लग्न व्हायचं होतं," ते म्हणाले. "आणि नंतर वाटलं, बोललंच नाही तर ते ताईपाशीच थांबेल. पुढे येणार नाही."

आत्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती म्हणाली, "तेव्हा सगळेच असं करायचे, नाना. तू मले घरात घेतलं. बाकीच्यांनी तेही नसतं केलं."

वडिलांनी फोड माझ्या हातावर ठेवली. मला त्यांचा राग यायला हवा होता असं पुष्कळांनी पुढे मला सांगितलं. राग आला नाही असं नाही, आला, पुढे काही महिन्यांनी. पण त्या संध्याकाळी मी फक्त ती फोड खाल्ली, आणि बऱ्याच दिवसांनी मला कशाची तरी चव लागली.

परत उभं राहणं

नवीन गोळी सुरू झाली. जादू झाली नाही. आठवडे गेले. पण एके सकाळी मला चहा गोड लागला, एके सकाळी खिडकीबाहेरच्या पोपटांचा त्रास झाला, आणि त्रास होतोय याचा आनंद झाला.

घरी आल्यावर आत्या काही महिने आमच्याकडेच राहिली. मला तिने या आजारात कसं राहायचं ते शिकवलं. त्यात डॉक्टरकी काही नव्हती. रात्री ठरल्या वेळी दिवा बंद. पाणी भरपूर प्यायचं. उन्हाळ्यात जपायचं. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. आणि खूप आनंद झाला, तर त्याच्याकडे जरा नीट बघायचं. "आनंद वाईट नाही," ती म्हणायची, "पण झोप खाऊन आलेला आनंद आपला नव्हे." तिच्या ज्या सवयींना आम्ही विक्षिप्तपणा म्हणत होतो, त्या प्रत्येक सवयीमागे काय होतं ते मला एकेक करून कळत गेलं. लग्नघरातून ती लवकर उठून जायची, तेव्हा ती स्वतःला वाचवत असायची. घरातल्या कुणाच्या मदतीशिवाय, कुणाला कळू न देता, एकटीने. हे मला जमलं नसतं.

दुपारी ती आणि चड्ढा आंटी गच्चीवर उन्हात बसायच्या. आंटी पंजाबीत बोलायची, आत्या वऱ्हाडीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. आंटीने तिला विणकामातला एक नवा नमुना शिकवला, आत्याने आंटीला ब्लाउज शिवून दिले.

क्लासच्या मालकांनी शब्द पाळला. जुलैत मी परत वर्गात उभी राहिले. फळ्याकडे वळले, आधी तारीख लिहिली. आधीच्या वर्गातली जी मुलगी रडली होती तिची धाकटी बहीण आता समोर बसली होती. तिने हात वर करून एक साधी शंका विचारली. मी ती सोडवली. तास वेळेवर संपवला.

मूल

मग तो प्रश्न आला, ज्याच्या भीतीने लोक घरातला आजार लपवतात. आम्हाला मूल हवं होतं.

श्रीकांतने त्याच्या आई-वडिलांना साताऱ्याला स्वतःच सगळं सांगितलं होतं. सासूबाई बरेच दिवस फोनवर तुटक बोलायच्या. मूल नकोच, आपण दत्तक घेऊ, असंही एकदा म्हणाल्या. त्यांना दोष देववत नाही. मलाही रात्री तेच वाटायचं. माझी पणजी, मग आत्या, मग मी. मी ही रांग पुढे का न्यायची?

आम्ही डॉ. ग्रेवालकडे गेलो. मी सरळ विचारलं, "माझ्या मुलाला होईल का?"

त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. आजार जसाच्या तसा उतरत नाही, त्याचा कल उतरतो, असं त्यांनी समजावलं. तो कल एका कुठल्या जनुकात बसलेला नसतो, लहान लहान पुष्कळ गोष्टी मिळून होतो. इतर मुलांपेक्षा तुमच्या मुलाला धोका जास्त, हे खरं. तरीही बहुतेक वेळा अशा आईची मुलं या आजारावाचून मोठी होतात, हेही तेवढंच खरं. "आपके पिताजी को भी वही खून मिला," त्या म्हणाल्या, "उन्हें कहाँ हुई ये बीमारी?"

मग त्या श्रीकांतकडे वळल्या. "आपको डर लगता है?"

श्रीकांत कमी बोलणारा माणूस. डेराबस्सीच्या कारखान्यात दिवसभर गोळ्यांच्या तपासण्या करतो, घरी येऊन माझ्या गोळीची आठवण करून देतो. तो म्हणाला, "लगता है. लेकिन वैशाली जैसी बेटी हुई तो मुझे चलेगा."

मी खिडकीबाहेर पाहत बसले.

गरोदरपणात आणि नंतर औषधाचं काय केलं ते इथे लिहीत नाही. ते प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि ते तिने आपल्या डॉक्टरांशीच ठरवायचं. इतकंच सांगते की आम्ही आधीपासून तयारीत होतो. बाळंतपणानंतर पुन्हा माझी झोप उडाली, तेव्हा ती नुसती जागरणं नाहीत हे मदतीला पुन्हा आलेल्या आत्याने माझ्याआधी ओळखलं. या वेळी वॉर्डात आठवड्याभरापेक्षा जास्त राहावं लागलं नाही. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. मी इस्पितळात असताना बाळाला त्यांनी आणि आत्याने मिळून सांभाळलं. घरी आले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तुमच्या आत्यांनी मला सगळं सांगितलं. आधी कुणी असं नीट सांगितलंच नव्हतं." आणि त्यांनी बाळाला, आमच्या रेवाला, माझ्या मांडीवर दिलं.

रेवा

रेवा आता पाचवीत आहे. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदी. नाक तिचं श्रीकांतचं आहे, आणि बोलायला लागली की हात हलवण्याची लकब आत्याची, हे सगळेच म्हणतात.

तिच्यापासून मी गोळी कधी लपवली नाही. ती लहान असताना विचारायची, तेव्हा सांगायचे, आईचं मन आजारी पडू नये म्हणून ही. मोठी झाली तसं तिच्या वयाला झेपेल तेवढं आणखी सांगत गेले. आई परत येईल की नाही, ती अशी का वागते, असले विचार करत तिने मोठं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मागच्या महिन्यात मी कणीक मळत होते. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मम्मा, मेरी हाइट पापा पर गई है, है ना? और हाथ आत्याआजी पर." मी हो म्हटलं. "तो वो बीमारी भी मुझ पर आएगी?"

हा प्रश्न येणार हे मला ती जन्मली तेव्हापासून माहीत होतं. तरी माझे हात परातीत तसेच थांबले.

"येऊ शकते," मी म्हटलं. "बहुतेक नाही येणार. पण येऊ शकते."

"अगर आ गई तो?"

"तर तू आम्हाला लगेच सांगायचं. झोप येत नाही, किंवा रडू येत नाही, किंवा खूपच छान वाटतंय, काहीही. आपण डॉक्टरांकडे जाऊ. त्यांना आपल्या घरात काय झालं, कोणतं औषध लागू पडलं, सगळं आधीच माहीत आहे. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तुझं तसं होणार नाही."

मग मी तिला ती सगळी गोष्ट सांगितली, आत्याआजी अकोल्याहून कशी आली आणि त्या खोलीत काय बोलली. विहिरीचं मात्र अजून सांगितलं नाही. ते सांगायचं आहे.

"अकेली आई थीं? ट्रेन से?"

"एकटी."

"और सबके सामने बोल दिया?"

"आजोबांच्या समोर, बाबांच्या समोर, डॉक्टरांच्या समोर."

"शी इज सो ब्रेव," रेवा म्हणाली, आणि मला न विचारताच जाऊन फोन उचलला. अकोल्याचा नंबर तिला पाठ आहे. आत्या आता सत्तरीत आहे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे तिच्याशी ओरडून बोलावं लागतं. रेवा तिच्या मोडक्या मराठीत ओरडून म्हणाली, "आत्याआजी, मी रेवा. तू कशी आहे?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. रेवाने थोडा वेळ ऐकलं, हसली, आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"मम्मा, कह रही हैं उन्होंने अपनी गोली ले ली. पूछ रही हैं, तुमने ली क्या?"

"घेतली म्हणून सांग," मी म्हटलं, आणि हात धुऊन तिच्याकडे गेले. मलाही बोलायचं होतं.